पाणी गेले कुठे?



‘वस्तुमान नष्ट होत नाही’ हे वाक्य तुम्ही पाठ केलेच असेल. परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण ते विसरून जातो. पण हेच वाक्य एखाद्या मच्छीमार बोटीच्या इंजिनाजवळ उभे राहून म्हणून पाहा. काल संध्याकाळी इंजिनात २० लिटर पाणी होते. आज सकाळी मोजले तर १८ लिटर भरले. नियम सांगतो की पाणी नष्ट झालेले नाही. मग ते कुठेतरी गेले आहे. कुठे?

या ‘कुठे’चे उत्तर न शोधताच पुष्कळदा दोन लिटर पाणी ओतले जाते, झाकण घट्ट केले जाते आणि बोट समुद्रावर निघते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कधी कधी याच्या अगदी उलट होते. पाणी कमी झाले म्हटल्याबरोबर कुणीतरी पान्हा घेतो आणि थेट इंजिनाचे डोके उतरवतो. माझे मत असे आहे की ह्या दोन्ही गोष्टी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्हींत प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरवलेले असते. पाणी भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि इंजिन उघडणे म्हणजे तपासणी नव्हे. तपासणी डोक्याने सुरू होते, पान्हा त्यानंतर येतो. आणि तिला लागणारे बहुतेक सगळे विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

इंजिनाला पाणी कशाला?

हर्णै, मालवण, रत्नागिरीचे मिरकरवाडा किंवा मुंबईचा ससून डॉक येथे तुम्ही यांत्रिक बोटी पाहिल्या असतील. त्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसवलेले असते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा इंधनातील सुमारे एक चतुर्थांश उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. आजच्या चांगल्या इंजिनांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असते. उरलेली उष्णता काही धुराबरोबर जाते आणि काही इंजिनाच्या धातूत शिरते. धातूतली ही उष्णता पाण्याने काढून घ्यायची असते.

थोडे गणित करू. सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालत असताना पाण्याला साधारण ५० किलोवॉट उष्णता वाहून न्यावी लागते, असे धरा. इंजिनातले २० लिटर पाणी ८० अंश सेल्सिअसवर आहे, आणि अचानक त्याचे थंड होणे बंद पडले. हे पाणी १०० अंशांपर्यंत तापायला सुमारे १६८० किलोज्यूल लागतात. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा हिशेब! इंजिनाचे लोखंडही थोडी उष्णता पिते, म्हणून प्रत्यक्षात एक-दोन मिनिटे मिळतील. किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, रात्रीच्या अंधारात, तांडेल आणि खलाशी यांच्या हाती एवढाच अवधी असतो. त्यानंतर इंजिन बंद करावे लागते, आणि बंद इंजिनाची बोट वारा नेईल तिकडे जाते. दोन लिटर पाण्याचा प्रश्न किती मोठा असू शकतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

मोटारीत पाणी थंड करायला रेडिएटर असतो. बोटीभोवती तर सगळा समुद्रच आहे. म्हणून पुष्कळ बोटींत पाण्याचे दोन वेगळे मार्ग असतात. इंजिनातून फिरणारे गोडे पाणी बंद मार्गात फिरते. त्यात गंज रोखणारे रसायन मिसळलेले असते, आणि अशा मिश्रणाला आपण कूलंट म्हणतो. दुसऱ्या मार्गात पंपाने समुद्राचे पाणी आत ओढले जाते आणि काम झाल्यावर बाहेर टाकले जाते. हे दोघे एका पेटीत एकमेकांना भेटतात. तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिच्यात बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून खारे पाणी वाहते आणि बाहेरून गोडे. उष्णता धातूच्या भिंतीतून पलीकडे जाते, पाणी मात्र जाता कामा नये. काही बोटींत अशी पेटी नसते. त्यांच्या तळाला बाहेरून नळ्या बसवलेल्या असतात आणि गोडे पाणी त्यांतून फिरून थंड होते.

पहिला प्रश्न : खरेच गेले का?

चोर शोधण्याआधी चोरी झाली की नाही ते पाहावे. पाणी तापले की प्रसरण पावते. ३० अंशांचे २० लिटर पाणी ८५ अंशांपर्यंत तापवले, तर ते अर्ध्या लिटरहून थोडे अधिक वाढते. थंड इंजिनात कुणी गळ्यापर्यंत पाणी भरले, तर इंजिन तापल्यावर हे वाढलेले पाणी बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, माणूस पुन्हा गळ्यापर्यंत भरतो, आणि पुन्हा तेवढेच पाणी बाहेर पडते. इथे गळती कसलीच नाही. फक्त भरणाऱ्याला प्रसरणाचा धडा आठवला नाही.

म्हणून पहिली तपासणी अगदी फुकटची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना खुणेपर्यंतच पाणी भरावे, वेळ लिहून ठेवावी, आणि रोज त्याच वेळी, थंड इंजिनातच, पातळी पाहावी. पातळी एकदा उतरून तिथेच थांबली, तर काळजी नाही. रोज उतरत राहिली, तर पाणी खरेच जात आहे. किती लिटर आणि किती तासांत, हा आकडा पुढच्या सगळ्या विचाराचा पाया आहे.

झाकणाकडेही इथेच पाहावे. ते नुसते बूच नसते, त्यात स्प्रिंगची झडप असते. ती आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे अर्ध्या ते एक पट अधिक राहू देते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग थकली किंवा रबरी वायसर फाटला, तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. सगळ्या इंजिनात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग बहुधा हाच!

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. गरम इंजिनाचे हे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरतो, आतले पाणी क्षणात उकळते आणि अंगावर उसळते. १ लिटर पाण्याची १०० अंशांवर सुमारे १६७० लिटर वाफ होते. तिने भाजलेले हात आणि चेहरे लवकर बरे होत नाहीत.

पाण्याचे चार शेजारी

पाणी खरेच जात असेल, तर दुसरा प्रश्न असा : कोणती भिंत ओलांडून? इंजिनातल्या पाण्याला चारच शेजारी असतात. बाहेरची हवा, समुद्राचे पाणी, वंगणाचे तेल आणि सिलिंडरातला जळता वायू. पाणी कोणाच्याही घरात शिरले, तरी तिथे खूण ठेवून जाते. आपल्याला फक्त साक्षीदाराला योग्य प्रश्न विचारायचा असतो.

पहिला शेजारी हवा. रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, तोट्या, पंप यांतून पाणी थेंबाथेंबाने बाहेर येते. एका सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर तासाला १८० मिलिलिटर होतात, आणि दिवसाला ४ लिटरांहून अधिक. पण इंजिन गरम असेल तर थेंब पडायच्या आतच वाळतो, आणि खाली सगळे कोरडे दिसते! मग काय पाहायचे? पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले पदार्थ उडत नाहीत. ते रंगीत किंवा पांढरट पापुद्रा होऊन तिथेच राहतात. बाष्पीभवनाने मीठ मिळवण्याचा प्रयोग तुम्ही केलाच आहे. हा तोच प्रयोग इंजिनावर आपोआप झालेला असतो. पाण्याच्या पंपाला खालच्या बाजूने एक लहान भोक असते. आतले सील खराब झाले की तिथून पाणी ठिबकते. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते, इशारा देण्यासाठी. ते बुजवणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडणे होय.

बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो, तिथूनही थोडे पाणी झिरपत असते. इंजिनाखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवले, तर नेमके कुठे थेंब पडला ते कळते.

दुसरा शेजारी समुद्र. खाऱ्या पाण्याने हीट एक्स्चेंजरच्या नळ्या झिजतात. त्यांचे रक्षण व्हावे म्हणून आत जस्ताची कांडी बसवतात. तांब्याच्या मिश्रधातूआधी जस्त झिजते आणि स्वतः संपून नळ्यांना वाचवते. कांडी वेळेवर बदलली नाही, तर पुढची पाळी नळ्यांची. नळीला भोक पडले, की इंजिन चालू असताना जास्त दाबाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात शिरते आणि त्याच्याबरोबर थेट समुद्रात जाते. मागे एक थेंबही दिसत नाही. पण इंजिन थंड झाल्यावर दाब उतरतो आणि मग खारे पाणी उलट गोड्यात येऊ शकते. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे १ लिटर पाणी इंजिनातल्या २० लिटरांत मिसळले, तर दर लिटरला सुमारे पावणेदोन ग्रॅम क्षार वाढतात.

हे ओळखायचे कसे? चव घेऊन नव्हे! कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल गोडसर असते आणि विषारी असते. तुमच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटची बाटली असते. नमुन्यात थोडे विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, की क्लोराइड असल्यास पांढरा साका बसतो. आता विचार करा, साका बसला म्हणजे समुद्र आत आला, असे सिद्ध झाले का? नाही. विहिरीच्या पाण्यातही क्लोराइड असते. म्हणून इंजिनात जे पाणी भरले, त्याचाही नमुना शेजारी घेऊन तोच प्रयोग करायला हवा. दोन्हींची तुलना करूनच बोलावे. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात.

तिसरा शेजारी तेल. पाणी आणि तेल घुसळले गेले की दुधाळ मिश्रण बनते. तेल मोजायच्या पट्टीवर किंवा तेल भरायच्या झाकणाखाली ते दिसते. संशय असेल तर मिस्त्री लोक तेलाचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकतात. त्यात पाणी असेल तर फोडणीसारखी तडतड होते. इथेही दिशेकडे लक्ष द्या. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे तेल थंड करणाऱ्या भागाला भोक पडले, तर आधी पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. इंजिन थांबल्यावर पाणी तेलात उतरू शकते. कोणता पदार्थ कोणात आणि केव्हा सापडला, एवढ्यावरून भिंत ओळखता येते.

चौथा शेजारी जळता वायू. सिलिंडर आणि डोके यांच्यामधले गॅस्केट फुटले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टाकीत बुडबुडे येतात आणि पाणी तापण्याआधीच रबरी नळ्या टणक होतात. त्या वायूत कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. टाकीतल्या पाण्यावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यूच्या निळ्या द्रावणातून ओढली, तर तो पिवळा होतो. तुम्ही नळीने श्वास फुंकून हाच रंगबदल शाळेत पाहू शकता. पुष्कळ डिझेल इंजिनांत सिलिंडराच्या अस्तराभोवती थेट पाणी खेळत असते. ते अस्तर प्रत्येक स्फोटाबरोबर थरथरते. पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि त्यांच्या माराने पोलादालाही टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात! कूलंटमधली रसायने याच झिजेला आळा घालतात. म्हणून ‘पाणीच ना, कुठलेही चालेल’ हे म्हणणे बरोबर नाही.

घाईचे निष्कर्ष

धुराड्यातून पांढरी वाफ दिसली की ‘गॅस्केट गेले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एक हिशेब सांगा. डिझेलमध्ये हायड्रोजन असतो, आणि तो जळला की पाणी बनते. १ लिटर डिझेल जळून सुमारे १ लिटर पाणी तयार होते! तासाला २० लिटर डिझेल जाळणारे निरोगी इंजिनसुद्धा तासाला जवळजवळ २० लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. त्यातच कित्येक बोटींत धूर थंड करायला त्यात समुद्राचे पाणी सोडतात. म्हणून पांढरी वाफ हा पुरावा नव्हे, फार तर संशय.

तापमापकाचेही असेच. काटा खाली आहे म्हणजे सगळे ठीक, असे आपण समजतो. पण पाणी इतके कमी झाले की मापकाची कांडी पाण्याबाहेर पडली, तर ती पाण्याचे तापमान सांगणारच नाही. इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. मापक काय मोजते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच मापकाचा उपयोग.

मग उघडण्याआधी शेवटचे काय करायचे? दाबाची परीक्षा. थंड इंजिनाच्या झाकणाच्या जागी हातपंप आणि दाबमापक बसवतात. झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब देऊन थांबतात आणि काटा पाहतात. काटा उतरला तर गळती आहे. मग एकेक भाग वेगळा करून पाहायचे. हीट एक्स्चेंजरची टोकाची झाकणे काढली, तर कोणती नळी पाझरते ते डोळ्यांना दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र मोडायचा नाही. झाकण, नळी आणि गॅस्केट एकाच दिवशी बदलले आणि गळती थांबली, तर कशामुळे थांबली हे कुणालाच कळणार नाही. पैसे तिप्पट गेले आणि ज्ञान शून्य वाढले! आणखी एक सावधगिरी. काटा उतरला नाही म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही. काही फटी इंजिन तापल्यावरच उघडतात. एका परीक्षेने दोष सापडला नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही.

दोन आक्षेप

यावर कुणी म्हणेल, ‘भर समुद्रात कसली तपासणी? तिथे पाणी ओतावेच लागते.’ अगदी खरे. इंजिन थंड होऊ देऊन पाणी भरणे आणि बंदर गाठणे, हेच तिथले शहाणपण. गोडे पाणी संपले तर नाइलाजाने खारे भरावे, मात्र परतल्यावर सगळे धुऊन काढावे. ट्रकवाले गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात, तोही असाच वेळ मारून नेण्याचा उपाय. पण हळदीला मोठे भोक कोणते आणि आवश्यक बारीक वाट कोणती, हे कळत नाही. ती दोन्ही बुजवू शकते. बंदरात आल्यावरही तोच उपाय चालू ठेवला तर ती निव्वळ टाळाटाळ झाली.

दुसरा आक्षेप असा, की जुना मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो, त्याला तुमचे सिल्व्हर नायट्रेट कशाला? अशा मिस्त्रीबद्दल मला आदर आहे. पण त्याचा अनुभव म्हणजे तरी काय? वर्षानुवर्षे केलेल्या परीक्षांची मनात ठेवलेली वहीच ती. फरक एवढाच, की ती वही दुसऱ्याला वाचता येत नाही. तो निवृत्त झाला की ती बंद होते. म्हणून त्याला भेटाल तेव्हा ‘काय बिघडले?’ एवढेच विचारू नका. ‘काका, तुम्हाला कशावरून कळले?’ असे विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.

आपल्या विज्ञान-शिक्षणाबद्दलही मला हेच म्हणायचे आहे. आपण मुलांना नियम लिहायला सांगतो. ‘२० लिटर भरले, १८ उरले, कुठे शोधाल आणि कोणत्या क्रमाने?’ असा प्रश्न विचारत नाही. खरे तर या एका प्रश्नात वस्तुमानाची अक्षय्यता, प्रसरण, दाब आणि उत्कलनबिंदू, बाष्पीभवन, धातूंची झीज, क्लोराइडची परीक्षा, सगळे एकत्र येते. किनाऱ्यावरच्या शाळांनी तर एखादे जुने हीट एक्स्चेंजर कापून वर्गात ठेवावे. त्याला खर्च फारसा नाही, आणि ते पाहिलेला विद्यार्थी उष्णतेचे वहन जन्मभर विसरणार नाही. यात ज्यांना गोडी वाटेल त्यांच्यासाठी पुढचे शिक्षणही आहे. मासेमारी बोटींवरील नौकानयन आणि अभियांत्रिकी शिकवणारी केंद्रीय संस्था कोचीला १९६३ सालापासून आहे.

आता तुमचे काम. तुमच्या घरी बोट असेल, तर शंभर पानी वही घ्या. तारीख, इंजिन किती तास चालले, थंड असताना पातळी किती, किती पाणी भरले, तेलाचा रंग कसा, असे रकाने आखा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ती वही मिस्त्रीकाकांपुढे ठेवा. कोणता भाग उघडायचा आणि कोणता नाही, हे ती वहीच पुष्कळसे सांगेल. घरी बोट नसेल, तरी गळका नळ, लवकर रिकामी होणारी गच्चीवरची टाकी, किंवा दर आठवड्याला हवा मागणारी सायकलची ट्यूब आहेच. आधी मोजा. शेजारी कोण कोण आहेत त्यांची यादी करा. प्रत्येक शेजारी कोणती खूण ठेवील ते ठरवा. स्वस्त आणि काही न मोडणारी परीक्षा आधी, महाग आणि तोडफोडीची सर्वांत शेवटी.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रावर जातात. आपली माणसे परत यावीत म्हणून घरचे लोक दर्याला नारळ वाहतात. त्या श्रद्धेच्या जोडीला इंजिनाजवळ खिळ्याला टांगलेली एक वही असावी, एवढेच माझे मागणे आहे.